अमेरिकेतली कॉलेज ॲडमिशन: नववीपासून नेमकं काय काय बघायचं

आपल्यातले बहुतेक आईबाप बारावीच्या मार्कांवर नाहीतर एखाद्या एंट्रन्सवर कॉलेजात गेलेले. वर्षभर घासायचं, पेपर द्यायचा, रँक लागली की त्या रँकला जे मिळेल ते घ्यायचं, संपला विषय. त्यामुळे इथे अमेरिकेत पोरगं हायस्कूलला गेलं की आपल्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो की सॅटचा (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा) क्लास कधीपासून लावायचा. पण इथलं गणितच वेगळं आहे. इथे कॉलेजचा अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच जातो, साधारण ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान, म्हणजे त्या वेळी बारावीचे फायनल मार्क आलेलेच नसतात. कॉलेजच्या हातात पडतं ते नववी, दहावी आणि अकरावीचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे घेतलेले विषय आणि त्यातल्या ग्रेड यांचा कागद. म्हणजे चौदा वर्षांच्या पोराने नववीच्या पहिल्या सेमिस्टरला बायोलॉजीत काय केलं तेही त्या कागदावर असतं. घाबरवायला सांगत नाहीये हे, पण बाकी सगळ्या गोष्टी (क्लब, एसे, टेस्ट) या कागदानंतर येतात आणि आपण नेमकं उलटं करतो, कागद शाळेवर सोडतो आणि बाकीच्यामागे हात धुवून लागतो.

माझं ऐकाल तर एक काम आज रात्रीच करा. मुलाच्या मनात असलेल्या कुठल्याही कॉलेजचं नाव टाका आणि त्यापुढे कॉमन डेटा सेट असं लिहून सर्च करा. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ही फाईल स्वतःच टाकतात, फुकट आहे. त्यात सी-सेव्हन नावाचा तक्ता शोधा. एका बाजूला गोष्टींची यादी असते: कठीण विषय घेतले का, शाळेतली रँक, जीपीए (ग्रेडची सरासरी), टेस्ट स्कोअर, एसे, शिफारसपत्रं, मग खाली इंटरव्ह्यू, ॲक्टिव्हिटीज, स्वभाव, घरातलं कॉलेजला जाणारं पहिलंच मूल आहे का, आईवडील त्याच कॉलेजचे का, नोकरीचा अनुभव, मुलाने कॉलेजमध्ये किती इंटरेस्ट दाखवला, असं सगळं. आणि प्रत्येकासमोर चारपैकी एका रकान्यात खूण: फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. दहा कन्सल्टंट दहा गोष्टी सांगतील, पण हे कॉलेजने स्वतः लिहून दिलेलं आहे. दोनचार कॉलेजांचे तक्ते शेजारी ठेवून बघा, बहुतेक ठिकाणी विषयांचा कठीणपणा आणि जीपीए या दोन ओळींसमोर खूण कुठे असते ते बघून तुमचं तुम्हालाच कळेल जोर कुठे लावायचा.

आता कठीण विषय म्हणजे काय. बऱ्याच शाळांत एकाच विषयाचे रेग्युलर, ऑनर्स आणि एपी असे थर असतात, काही ठिकाणी आयबी हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम असतो, काही मुलं शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचे कोर्स करतात. एपी हा कॉलेज बोर्डाचा (सॅट घेणारी संस्था) कॉलेजच्या पातळीचा कोर्स, मे महिन्यात परीक्षा, १ ते ५ मध्ये स्कोअर. इथे गंमत लक्षात घ्या, मे महिन्यातला तो स्कोअर आणि वर्षभराची शाळेची ग्रेड या दोन वेगळ्या गोष्टी. ट्रान्सक्रिप्टवर जाते ती ग्रेड. स्कोअर सांगायचा की नाही हे बहुतेक ठिकाणी मुलाच्या मर्जीवर असतं.

मग किती एपी घ्यायचे हा प्रश्न प्रत्येक पॉटलकला निघतोच. याला आकडा नाही, कारण कॉलेज तुमच्या मुलाला देशातल्या सगळ्या मुलांशी सरसकट तोलत नाही, आधी त्याच्या शाळेच्या संदर्भात बघतं. शाळेचा काउन्सेलर अर्जासोबत एक स्कूल प्रोफाईल पाठवतो, त्यात लिहिलेलं असतं की आमच्याकडे अमुक इतके एपी आहेत, ग्रेडिंग असं आहे. ज्या शाळेत सहाच एपी आहेत तिथल्या मुलीने पाच घेतले तर तिने शाळेत होतं ते जवळपास सगळं केलं, आणि ज्या शाळेत पंचवीस आहेत तिथे पाच म्हणजे वेगळं चित्र. म्हणून दुसऱ्या गावातल्या मित्राच्या मुलाशी आकडा जुळवण्यात काही अर्थ नाही. तुमच्या शाळेचं प्रोफाईल मागून घ्या, ते वाचा. आणि सगळे एपी घेऊन रात्री दोनपर्यंत जागणारं, सगळीकडे बी आणि सी आणणारं पोरगं बघितलं की वाईट वाटतं, कारण दोन कमी घेतले असते तर झोपही झाली असती आणि ट्रान्सक्रिप्टही चांगलं दिसलं असतं.

मॅथचं मात्र जरा आधीच बघावं लागतं, हायस्कूलच्याही आधी. इथे मॅथ पायऱ्यांनी चालतं: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. आठवीत अल्जिब्रा वन झालं तर बारावीत कॅल्क्युलसला पोचता, नववीत झालं तर बारावीत प्रीकॅल्क्युलस. मुलाला इंजिनिअरिंगला जायचं असेल तर कॅल्क्युलस असलेलं बरं, आणि हा फाटा मिडल स्कूलच्या प्लेसमेंट टेस्टला फुटतो, त्याची चिठ्ठी पोराच्या दप्तरात येते आणि कुणी वाचतही नाही. उशीर झाला असेल तर समरमध्ये एक पायरी चढायची सोय बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये असते, काउन्सेलरला जाऊन विचारा.

टेस्टबद्दल थोडक्यात. सॅट आता पूर्ण डिजिटल आहे, अमेरिकेत मार्च २०२४ पासून, २ तास १४ मिनिटांची, १६०० पैकी. रीडिंग-रायटिंग आणि मॅथ, दोन्हीचे दोन-दोन मॉड्यूल, पहिलं कसं गेलं त्यावर दुसरं सोपं किंवा अवघड येतं. प्रॅक्टिस टेस्ट ब्लूबुक नावाच्या कॉलेज बोर्डाच्याच ॲपवर फुकट मिळतात आणि खऱ्या परीक्षेतही तेच ॲप असतं, त्यामुळे पैसे भरून क्लास लावायच्या आधी एक पूर्ण टेस्ट घरी घड्याळ लावून द्यायला लावा, कुठे कमी पडतंय ते तिथेच दिसतं. एसीटी ही दुसरी परीक्षा, ३६ पैकी, कुठलीही एक चालते. अकरावीच्या ऑक्टोबरला शाळेत पीएसएटी (सॅटची पूर्वपरीक्षा) असते, नॅशनल मेरिट स्कॉलरशिपसाठी तीच धरतात, तिला हलक्यात घेऊ नका.

२०२० नंतर कॉलेजांनी टेस्ट ऐच्छिक केली आणि मग सगळीकडे गोंधळ झाला की द्यायची का नाही. आता चित्र परत फिरलंय. एमआयटीने २०२२ मध्ये टेस्ट पुन्हा सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक, यूटी ऑस्टिन (टेक्सासची सरकारी युनिव्हर्सिटी) यांनी तेच जाहीर केलं. उलट कॅलिफोर्नियाच्या यूसी या सरकारी युनिव्हर्सिटीज स्कोअर बघतच नाहीत, तुम्ही १६०० आणा नाहीतर आणू नका. म्हणजे ज्याला सगळे पर्याय उघडे ठेवायचेत त्याने अकरावीच्या स्प्रिंगमध्ये एकदा द्यावी, गरज वाटली तर ऑगस्टमध्ये परत, आणि तिसऱ्या-चौथ्यांदा पन्नास मार्क वाढवायला ग्रेडचं नुकसान करून घेऊ नये.

ॲक्टिव्हिटीज. इथे आपली माणसं सगळ्यात जास्त पैसा आणि वीकएंड घालवतात म्हणून जरा सविस्तर. बहुतेक प्रायव्हेट आणि बरीच सरकारी कॉलेजं कॉमन ॲपवरून अर्ज घेतात, दर वर्षी १ ऑगस्टला ते नव्याने उघडतं. त्यात ॲक्टिव्हिटीजसाठी १० जागा आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं. शब्द नाही, अक्षरं, स्पेस धरून! चार वर्षं ज्या कामाला दिली ते दीड ओळीत बसवायचं. समजा पोरगी गावातल्या ढोल-ताशा पथकात आहे. ‘ढोल पथकाची सदस्य, गणपतीत वादन, टीमवर्क आणि संस्कृतीची आवड’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. ‘नवीन मुलांना रविवारी ताल शिकवते, ढोलांच्या दोऱ्या आवळणं, दुरुस्तीचा हिशोब आणि मिरवणुकीच्या परवानगीची पत्रं माझ्याकडे’ असं लिहिलं की एक माणूस दिसतो ज्याच्यावर लोक काम सोपवतात. ढोल तोच, पथक तेच. पण दुसरं वाक्य लिहिता यायला आधी दोन वर्षं ते काम केलेलं असावं लागतं, म्हणून दहावीतच पोरांना सांगा की दहा ठिकाणी नाव नोंदवण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी टिका आणि तिथे कुणाला नको असलेलं काम अंगावर घ्या.

अजून एक गोष्ट जी आपल्या घरांत हमखास सुटते. कॉमन ॲपच्या यादीत पगारी नोकरी आणि घरच्या जबाबदाऱ्या असे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. ग्रोसरी स्टोअरमध्ये कॅशवर उभं राहणं ही ॲक्टिव्हिटी आहे. धाकट्या भावाला शाळेतून आणणं, आजी-आजोबा आले की त्यांना डॉक्टरकडे नेऊन भाषांतर करणं ही ॲक्टिव्हिटी आहे. आपण त्याला काम समजत नाही, घरचं आहे म्हणून लिहायला लाजतो, आणि मुलाचे आठवड्याचे दहा-बारा तास कुठे गेले याचा अर्जात पत्ताच लागत नाही.

नामवंत युनिव्हर्सिटीच्या नावाने चालणारे महागडे समर प्रोग्रॅम असतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पैसे भरले की प्रवेश मिळतो आणि ॲडमिशन ऑफिसलाही हे माहीत असतं. जे खरंच निवडक आहेत ते बहुतेक वेळा फुकट किंवा स्वस्त असतात, जसं एमआयटीमध्ये होणारी आरएसआय (रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट), तिथे निवड झालेल्यांकडून फी घेत नाहीत. पोराला मजा म्हणून जायचं असेल तर जरूर पाठवा, पण ॲडमिशनला उपयोग होईल म्हणून कर्ज काढून पाठवू नका.

शिफारसपत्रं अकरावीच्या शिक्षकांची चालतात, सहसा दोन, शिवाय काउन्सेलरचं एक. ज्या शिक्षकाने तुमच्या मुलाला अडखळताना आणि मग उठताना पाहिलंय त्याचं पत्र बऱ्याचदा नुसत्या ए ग्रेडवाल्या विषयाच्या पत्रापेक्षा जास्त बोलतं. मे महिन्यात विचारा, सप्टेंबरमध्ये नाही, कारण चांगल्या शिक्षकांकडे रांग लागते. काउन्सेलरकडे सरकारी शाळेत शेकडो मुलं असतात, त्याला तुमचं मूल ओळखता यावं म्हणून नववीपासून मुलाने स्वतः, आईबापांनी नाही, वर्षातून दोनदा तरी जाऊन बसावं.

एसे ६५० शब्दांपर्यंतचा. विषय मोठा असायची काही गरज नाही, पण तो पोराच्याच आवाजात हवा. आईबाप मदत करायला बसतात आणि हळूहळू पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची वाक्यं त्यात शिरतात, वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदात कळतं, रोज तेच वाचतात ते. एआयने लिहिलेलं स्वतःचं म्हणून देणं हे तर कॉमन ॲप आपल्या नियमात फसवणूकच धरतं. यूसीचा अर्ज वेगळा असतो, तिथे आठपैकी चार प्रश्न निवडून प्रत्येकी ३५० शब्द, आणि सर्वसाधारणपणे शिफारसपत्रं मागतच नाहीत.

आता पैसा. ज्या घरात पैशाची चर्चा एप्रिलमध्ये, ॲडमिशन आल्यावर होते, तिथे पोराचं मन मोडतं, मी हे इतक्यांदा बघितलंय की कळकळीने सांगते, ही चर्चा दहावीत करा. मुलाला आकडा सांगा की आपल्याला वर्षाला इतकं झेपेल. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाईटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, २०११ पासून कायद्यानेच ठेवावा लागतो, तुमचं उत्पन्न आणि बचत भरली की त्या कॉलेजचा तुमच्यासाठी साधारण खरा खर्च दाखवतो. छापील फी आणि हा आकडा यात कधीकधी जमीन-अस्मानाचा फरक असतो.

सरकारी मदतीचा अर्ज म्हणजे फाफ्सा, तो बारावीच्या १ ऑक्टोबरच्या आसपास उघडतो. पण त्यात उत्पन्न धरतात ते दोन वर्षं आधीच्या टॅक्स रिटर्नचं, म्हणजे मूल दहावीत असतानाच्या जानेवारीपासून ते अकरावीतल्या डिसेंबरपर्यंतचं. त्या कॅलेंडर वर्षात स्टॉक विकून मोठा नफा घेतला तर तो तिथे दिसणार. तुम्ही राहता ते घर आणि रिटायरमेंट अकाउंटमधली शिल्लक फाफ्सा धरत नाही, पण भारतात गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेला फ्लॅट धरतो, तो लिहावाच लागतो. मुलाच्या नावावरच्या पैशाचा २० टक्के हिस्सा धरतात, आईबापांच्या नावावरच्याचा फार तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे प्रेमापोटी पोराच्या नावावर पैसे टाकताना हे लक्षात असू द्या. आणि पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की हिशोबात फायदा मिळायचा, तो २०२४-२५ पासून फाफ्सातून गेला. काही प्रायव्हेट कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाईल नावाचा मदतीचा वेगळा अर्ज मागतात, ते बरंच खोलात जातं, घराची किंमतही विचारतं.

व्हिसाचं तर आधी बघा, कारण आपल्या बऱ्याच घरांचं घोडं इथेच अडतं. एच-फोरवरचं (आईवडिलांच्या एच-वन व्हिसाला जोडून असलेल्या व्हिसावरचं) मूल भले दुसरीपासून इथे शिकलेलं असो, त्याला सरकारी मदत मिळत नाही, ती सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना आणि मोजक्या इतर गटांना असते. बरीच प्रायव्हेट कॉलेजं मदतीच्या बाबतीत या मुलांना इंटरनॅशनलमध्ये धरतात, आणि बहुसंख्य कॉलेजांत इंटरनॅशनल मुलाने मदत मागितली की त्याचा ॲडमिशनवरही परिणाम होऊ शकतो. होत नाही अशी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी थोडीच आहेत. राज्याच्या युनिव्हर्सिटीत एच-फोरच्या मुलाला इन-स्टेट फी (राज्यातल्यांची, कमी) लागते की आऊट-ऑफ-स्टेट (बाहेरच्यांची, जास्त) हे राज्याराज्यावर आहे, युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या उत्तरावर जाऊ नका. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतो, म्हणजे डिग्रीच्या मध्येच एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) करावा लागू शकतो, तेही वकिलाशी आधीच बोलून ठेवा.

यादी करताना अजून एक. आपल्या पोरांपैकी निम्म्यांना कॉम्प्युटर सायन्स हवं असतं, आणि युनिव्हर्सिटीचा सरासरी ॲक्सेप्टन्स रेट बघून आईबाप निवांत होतात. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन किंवा सिॲटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन अशा ठिकाणी सीएसचा दर बाकी युनिव्हर्सिटीपेक्षा खूप कमी असतो आणि दुसऱ्या विषयात शिरून नंतर सीएसला बदलू म्हटलं तर ते फार अवघड जातं. टेक्सासमध्येही १९९७ च्या कायद्याने शाळेत वरच्या १० टक्क्यांत असलेल्यांना राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीत आपोआप प्रवेश मिळतो (ऑस्टिनला हा आकडा कमी आहे, २०२६ च्या बॅचपासून ५ टक्के), पण तो युनिव्हर्सिटीत, हवी ती ब्रँच मिळेलच असं त्यात काही नाही. म्हणून दर बघायचा तो त्या विषयाचा बघा.

अर्ली डिसिजन म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच कॉलेजला अर्ज, आणि घेतलं तर जाणारच असा करार, त्यावर मुलाची, पालकाची आणि काउन्सेलरची सही. काही ठिकाणी याने शक्यता वाढते हे खरं, पण मग वेगवेगळ्या कॉलेजांच्या मदतीची तुलना करायची संधी जाते. नेट प्राइस कॅल्क्युलेटरने दाखवलेला आकडा जास्तीची मदत न मागता झेपत असेल तरच ही सही करा. अर्ली ॲक्शनमध्ये असं बंधन नसतं, निकाल लवकर कळतो, बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटीत याचा फायदाच होतो, ते जरूर भरा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांच्यात मात्र अर्ली भरलं तर बाकी प्रायव्हेट कॉलेजांत अर्ली भरता येत नाही, असा मधलाच प्रकार आहे. बाकीचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, निकाल मार्चअखेरपर्यंत.

निकाल आले की पत्रातले मदतीचे आकडे नीट वाचा. ग्रँट आणि स्कॉलरशिप परत करायची नसते, लोन फेडायचं असतं, वर्क-स्टडी म्हणजे काम करून मिळणारे पैसे, आणि काही पत्रांत हे तिन्ही एकाच बेरजेत दाखवलेलं असतं. कागदावर फीमधून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करा, उरलेल्या आकड्यांची तुलना करा. कमी पडत असेल तर फायनान्शियल एड ऑफिसला नम्रपणे अपील करता येतं, नोकरी गेली किंवा मोठा मेडिकल खर्च झाला असेल तर कागद जोडून आवर्जून करा. १ मेपर्यंत बहुतेक ठिकाणी होकार कळवून डिपॉझिट भरायचं असतं, एकाच कॉलेजला. आणि बारावीच्या शेवटच्या ग्रेड जूनमध्ये शाळा कॉलेजला पाठवतेच, त्यात ए वरून थेट डी दिसले तर दिलेली ॲडमिशन काढूनही घेतात, तेव्हा होकार कळवल्यावरही पोराला मे महिन्यापर्यंत वर्गात बसवा.